कट कोण म्हणणार?

सात वर्षं मी टीव्हीवर दुष्टपणा केला, आणि तो इतका मन लावून केला की मंडईत एका काकूंनी कोथिंबीरवाल्याला बजावलं, "हिला शिळी दे." माझ्या पात्राचं नाव वैजयंती. घरातली थोरली जाऊ. भरजरी साडी नेसायची, सासूचे कान भरायचे आणि धाकटीच्या खिरीत मीठ टाकायचं, एवढंच काम. एपिसोड संपताना माझा चेहरा तीनदा मोठा करून दाखवत आणि मागे ढोल बडवत. दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत तो चेहरा तसाच धरून ठेवायचा, हे मालिकेतलं पहिलं शिक्षण. नाक खाजलं तरी धरायचा.

माझं नाव विशाखा ओव्हाळ. टायटलमध्ये मात्र नुसतं 'विशाखा'. आडनाव स्क्रीनवर मावत नाही, असं निर्मात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या वरच्या ओळीतल्या बाईंची माहेरची-सासरची दोन्ही आडनावं मावत होती, पण मी तेव्हा नवीन होते, गप्प बसले.

गप्प बसायची सवय मात्र टिकली नाही. सीन सकाळी मेकअप चालू असताना हातात यायचे, शाई ओली असावी तसे. त्यातले संवाद वाचून माझा संताप व्हायचा. जिवंत माणूस असं बोलत नाही, असं मी एकदा म्हणाले, तर दिग्दर्शकांनी पेन पुढे केलं. "मग तू लिही." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन पुढे आलं. पुढे त्यांना कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे मीच मालिका ओढली. सकाळी सीन लिहायचे, दुपारी दिग्दर्शन करायचं, मधल्या वेळात साडी बदलून खिरीत मीठ टाकायचं. नाव अर्थात त्यांचंच लागलं. त्या तीन आठवड्यांत मला कळलं, की मला चेहरा धरून उभं राहायचं नाही, चेहऱ्यासमोर काय उभं करायचं ते ठरवायचंय.

करार संपला आणि मी स्वतःची मालिका करायला बाहेर पडले, तेव्हा त्यांनी वैजयंतीला दरीत ढकललं. मारलं मात्र नाही. माझा करार संपला होता, त्यांचा विचार संपला नव्हता. "तुझी मालिका जमली नाही तर परत ये, बाई. प्लास्टिक सर्जरी करून नवा चेहरा देऊ," असं निर्माते प्रेमाने म्हणाले. वाईट म्हणजे, ते खरंच प्रेमाने म्हणाले.

मला काय करायचं होतं ते सांगते. आमच्या मालिकेतल्या घरात संगमरवरी देवघर होतं, अंगणात तुळस होती, दर पंधरा दिवसांनी सत्यनारायण होता. त्या घरांवर माझा राग नाही. पण आमचं दापोडीचं घर टीव्हीवर कधीच आलं नाही, याचा मात्र आहे. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आई लोणी काळभोरची. हॉलमध्ये शिरलं की समोर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती, आणि दार उघडणाऱ्याला आलेला माणूस 'जयभीम' म्हणणार. अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांतले लोक टीव्ही विकत घेतात, केबलचे पैसे भरतात, आणि रोज रात्री दुसऱ्यांच्या घरातली मंगळागौर बघतात. माझी आईही बघायची. माझ्या सात वर्षांच्या अभिनयावर तिचा अभिप्राय एकच, "साडी बरी व्हती."

गोष्ट मला धाकट्या बहिणीकडून मिळाली. चैताली हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. कर्वेनगरला तिने फ्लॅट घेतला आणि ऑफिसातली माणसं विचारायला लागली, वास्तुशांत कधी? ती नुसतं "करू की" म्हणायची. राहायला जाऊन सहा महिने झाले तरी तिच्या हॉलची भिंत कोरी होती. आईने विचारलं, फोटो कधी लावणार? तर हिचं उत्तर, "अजून इंटिरियर ठरलं नाही." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्या आठवड्यात मी पहिला एपिसोड लिहून काढला.

वाहिनीवर अभय नावाचा तरुण होता. नव्या मालिका निवडणं त्याच्या हातात. पुण्याचाच, एमबीए झालेला, बोलताना दर वाक्यात दोन इंग्रजी शब्द पेरणारा. माणूस वाईट नव्हता. त्याने वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, रायटिंग सुपर आहे. मुलगी आयटीमधली, आई लोअर मिडल क्लास, कॉन्फ्लिक्ट क्लिअर. फक्त फोटो दाखवू नका."

"गोष्टच फोटोची आहे."

"असू दे ना. रेफरन्स येऊ दे. फ्रेममध्ये नको. ऑडियन्सला रिलेट व्हायला हवं."

"कुठल्या ऑडियन्सला?"

"जनरल."

हा जनरल कुठे राहतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण अभयने पुढचं स्पष्ट सांगितलं. एक पायलट एपिसोड करा, दिग्दर्शन तुमचं, मुख्य भूमिका तुमची. आवडला तर मालिका. फोटो दिसला तर मात्र वरती टेप दाखवणारच नाही, मग तुम्ही आणि तुमची वैजयंती.

मी हो म्हणाले. पहिली पायरी गाठू, मग बघू, असा शहाणपणा केला. आणि शहाणपणा माझ्या अंगात भरपूर असल्यामुळे युक्तीही काढली. सीन असा होता: मुलीच्या नव्या घरी ऑफिसचे पाहुणे येणार आहेत. ती आईला सांगते, आजच्या दिवस फोटो काढून ठेव. आई काही न बोलता फोटो काढते. संपलं. कॅमेरा फोटोच्या भिंतीलाच टेकवून लावायचा. समोरून आई येणार, हात वर करणार, फोटो काढून छातीशी धरणार. प्रेक्षकाला दिसणार आईचा चेहरा आणि फोटोची मागची बाजू, पुठ्ठा आणि दोरी. माझं मलाच कौतुक वाटलं.

आईच्या भूमिकेसाठी कांताबाई मिळाल्या. नारायण पेठेत राहणाऱ्या, सत्तरीच्या, उभं आयुष्य रंगभूमीवर गेलेल्या. टीव्हीचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मी घरी गेले तर म्हणाल्या, "बसा. चहा हवा असेल तर आत्ताच सांगा, नंतर गॅस बंद करते." संहिता वाचून झाल्यावर एकच प्रश्न, "पडदा कधी पडतो?"

मी म्हणाले, "पडदा नसतो कांताबाई. मी 'कट' म्हणते, तिथे थांबायचं."

"आणि नाही म्हणालात तर?"

"म्हणेन की."

"बरं. आमच्यात पडदा पडेपर्यंत थांबायची पद्धत नाही. भूमिकेतून बाहेर पडायचं नाही, मग विंगेत आग लागो. ते मला आता या वयात बदलता येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

शूटिंग चैतालीच्याच फ्लॅटमध्ये केलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात कागद चिकटवला होता: 'शूटिंगवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. जिने चढल्याने अभिनय बिघडत नाही.' फोटो मी दापोडीहून आणला, आमच्या हॉलमधला. आईने तो स्वतः उतरवून जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला आणि कशासाठी हवाय ते विचारलं नाही. दुकानातून नवा घेता आला असता. पण मी दुकानाकडे वळलेच नाही. चैताली रजा टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि सहायक दिग्दर्शक दिगंबर तिच्या कोऱ्या भिंतीत खिळा ठोकत होता, ते ती बघत राहिली.

दुपारी तो सीन लागला. जयसिंग कॅमेऱ्यावर होता. कोल्हापूरकडचा गडी, दिवसभरात दहा शब्द बोलेल तर शपथ. मी मॉनिटरवर चौकट तपासली, सगळ्यांना जागा दाखवल्या, दिगंबरला क्लॅप द्यायला सांगितलं, धावत जाऊन सोफ्यापाशी माझ्या जागेवर उभी राहिले, आणि तिथूनच ओरडले, "अ‍ॅक्शन!"

सगळं लिहिल्याप्रमाणे झालं. मी म्हणाले, "आई, आजच्या दिवस तो फोटो काढून ठेव ना. उद्या परत लावू." कांताबाईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी साधं बघितलं. मग त्या भिंतीकडे गेल्या, टाचा उंचावल्या, फोटो काढला, छातीशी धरला. सीन संपला.

मी चेहरा धरून उभी राहिले, 'कट'ची वाट बघत. सात वर्षांची सवय. सीन संपला की चेहरा धरायचा आणि समोरून आवाज येईपर्यंत हलायचं नाही.

आवाज येईना.

दिगंबर माझ्याकडे बघत होता. जयसिंगचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. साऊंडवाला कान दाबून बसलेला. सगळे दिग्दर्शकाच्या तोंडाकडे बघत होते आणि दिग्दर्शकबाई भूमिकेत शिरून दिग्दर्शकाची वाट बघत होत्या. मी कॅमेऱ्यासमोर असताना कट कोण म्हणणार, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मागे त्या तीन आठवड्यांत ते काम मालिकेचा मुरलेला सहायक आपणहून करायचा. इथे दिगंबर नवा. बाईंच्या सीनला आपण कट म्हणायचं म्हणजे उद्धटपणा, असं त्याला वाटलं, हे त्याने नंतर सांगितलं.

आणि कांताबाईंच्या लेखी पडदा पडलेला नव्हता.

"कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

हे वाक्य संहितेत नव्हतं. मी दचकले, पण चेहरा सोडला नाही. "कपाटावर ठेव," मी म्हणाले.

त्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, डोकावल्या, परत आल्या. "तिथं तुझे बुटांचे खोके आहेत."

खरंच होते. चैतालीचे.

"मग... टेबलाच्या ड्रॉवरमध्ये."

"मावत नाही." फोटो अजून छातीशीच. त्या हॉलमधून फिरत होत्या, सोफ्यामागे बघत होत्या, टीव्हीच्या मागे बघत होत्या, पाहुणे यायच्या आत हातातलं काम उरकायला हवं अशा घाईने. जयसिंगने कॅमेरा स्टँडवरून काढून खांद्यावर घेतला, तेही मी बघितलं. "लवकर सांग बाई, माणसं येतील तुझी."

मी म्हणाले, "पलंगा..."

पुढचा शब्द तोंडातून निघाला नाही. पलंगाखाली. दापोडीच्या घरात हा शब्द त्या फोटोबद्दल कुणी उच्चारला असता, तर बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा हात उगारला असता. माझे डोळे भरून आले. सात वर्षं मी ग्लिसरीन घालून रडले. हे तसलं नव्हतं, हे नाकातून आधी येतं. मला लाज वाटली. भूमिकेतल्या मुलीची नाही, माझी स्वतःची, माझ्या युक्तीची, पुठ्ठा आणि दोरी दाखवणाऱ्या त्या हुशार चौकटीची.

"दे इकडं," मी म्हणाले.

फोटो हातात घेतला, कुर्त्याच्या बाहीने काच पुसली आणि भिंतीकडे वळले. मागे जयसिंगची पावलं वाजली. तो भिंत सोडून खोलीच्या आतल्या बाजूला सरकला होता. आता कॅमेऱ्यासमोर भिंत होती, भिंतीवर खिळा होता आणि फोटो माझ्या हातात होता. मला सगळं कळत होतं. आता मी 'कट' म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. लिहिलेला सीन टेपवर सुरक्षित होता. अभय खूश, मालिका पदरात. एक शब्द म्हणायचा होता आणि तो म्हणायचा हक्क अख्ख्या खोलीत फक्त मला होता.

मी फोटो खिळ्याला अडकवला. बाबासाहेबांचा चेहरा खोलीकडे करून, जसा लावतात तसा.

मागून कांताबाईंचा आवाज आला, "डावीकडून जरा वर घे."

मी वर घेतला. दोन पावलं मागे आले. सरळ होता.

 मग कांताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तरी कट म्हणा हो. पाय मोडले माझे."

मी कट म्हणाले. दिगंबर नाक ओढत होता. जयसिंगने कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाला, "फोकस हाय सगळा." मी कांताबाईंना विचारलं, हे कसं सुचलं तुम्हाला? त्या मोजे काढत होत्या. "सुचलं कसलं? तुम्ही थांबवेनात आणि माझ्या हातात ती तसबीर. कुठेतरी ठेवायला नको? जागा मिळेना, तर विचारलं." एवढं बोलून त्यांनी चहाचं काय झालं ते विचारलं.

सामान आवरताना दिगंबर खिळा उपटायला निघाला. चैताली म्हणाली, "राहू दे तो." आणि आत जाऊन बुटांचे खोके आवरायला लागली.

पुढचे दोन दिवस मी स्वतःशी भांडले. दोन टेप करता येत होत्या. एक लिहिल्याबरहुकूम, मी चेहरा धरते तिथे संपणारी. दुसरी, अख्खी. शहाणी विशाखा म्हणत होती, पहिली पाठव, मालिका मिळव, मग हळूहळू दाखव काय दाखवायचं ते. पण हळूहळूचा मला अनुभव होता. आडनाव हळूहळू लागणार होतं, लेखनाला नाव हळूहळू मिळणार होतं. मी दुसरी टेप पाठवली आणि पहिली बनवलीच नाही, म्हणजे मोह व्हायला नको.

अभयचा फोन आठवड्याने आला. आवाज वैतागलेला.

"मॅडम, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं खरं."

"मी एडिटरला घेऊन बसलो. म्हटलं, फोटो लावतात तिथून उडवू. तर तुमचा शॉट एकच आहे. मधे कट नाही. आधी कापलं तर त्या बाई फोटो घेऊन फिरतच राहतात. कुठे ठेवला, हा प्रश्न तसाच राहतो. एडिटर म्हणाला, अजून आधी कापा, त्या फिरायच्या आत. तेही करून बघितलं. मग काही उरतच नाही हो. एक बाई फोटो काढते. बस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो परत लावल्याशिवाय एपिसोड संपत नाही," तो म्हणाला. आणि पुढे, चक्क मराठीत, "मी तसाच वर दाखवला. एक जण उठून गेले. बाकीचे बसले. रात्रीची वेळ मागू नका, मिळणार नाही. दुपारी दीड वाजता. तेरा एपिसोड. आणि नंतर मला शिव्या पडल्या तर तुम्हाला देणार."

"द्या," मी म्हणाले, "आणि टायटलमध्ये ओव्हाळ लिहा. मावत नसेल तर अक्षर बारीक करा."

फोन ठेवून मी सोफ्यावर बसून मोठ्याने हसले. मग जयसिंगला फोन केला, दिगंबरला केला. कांताबाई म्हणाल्या, "तेरा? मला जिने चढायचेत का तेराही वेळा?"

पहिला एपिसोड लागला त्या सोमवारी मी दापोडीला होते. आईने कुणाला सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली, आणि दीड वाजता हॉलमध्ये चपला ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारच्या बायका सतरंजीवर, बाबा खुर्चीत, चैताली घरून काम आहे असं ऑफिसला खोटं सांगून आलेली. मी भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागे बसले. दिग्दर्शक बसतो तिथे.

घर दिसलं, मुलगी दिसली. बायका आपसात बोलत होत्या, ही पोरगी बारीक झालीय, हा कर्वेनगरचा रस्ता का, असं. आई त्यांच्यातच, सगळ्यांच्या पुढे. मग टीव्हीतल्या मुलीने फोटो काढायला सांगितलं आणि सतरंजीवरचं बोलणं थांबलं. कांताबाईंनी फोटो काढला, छातीशी धरला. पुठ्ठा, दोरी.

"कुठं ठेवू?" कांताबाईंनी विचारलं.

टीव्हीतली मी उत्तर द्यायच्या आत आमच्या हॉलमधून आवाज आला. माझी आई सतरंजीवर गुडघ्यांवर उठून बसली होती. दोन्ही हात टीव्हीकडे पुढे केलेले, खरंच कुणी काही देतंय असे.

"आन इकडं," आई म्हणाली. "आमच्यात हाय जागा."